काठावरचे काळे पक्षी

नागपूरला समुद्र नाही. तरीही पाण्याच्या काठावर वावरणाऱ्या काळ्या पिसांच्या पक्ष्यांचे छायाचित्रण शिकण्यासाठी या शहराइतकी सोयीची जागा मला दुसरी माहीत नाही. अंबाझरी आणि गोरेवाडा हे तलाव शहराला लागूनच आहेत, आणि हिवाळा सरताना पाणी ओसरू लागले की ओल्या चिखलाचा जो पट्टा उघडा पडतो, त्यावर लांब, वाकड्या चोचीचे शराटी, पाणकावळे आणि पांढऱ्या चोचीचे वारकरी नावाचे पाणपक्षी यांची पहाटेपासून ये-जा सुरू होते. कोकणात समुद्र बगळ्याच्या गडद रूपाचे फोटो काढताना मला जे उपयोगी पडते, ते बहुतेक या चिखलानेच शिकवले आहे.

मोर शराटी लांबून निव्वळ काळा दिसतो. सूर्य आपल्या पाठीशी असेल आणि पक्षी थोडा तिरका उभा असेल, तर विणीच्या पिसाऱ्यात त्याची मान आणि अंग तांबूस-किरमिजी दिसते व पंखांवर हिरवी-जांभळी झळाळी उमटते. ही झळाळी केवळ रंगद्रव्याची नसते. पिसांच्या अतिसूक्ष्म रचनेवरून प्रकाश परावर्तित होताना ती निर्माण होते, आणि म्हणूनच पक्षी जरासा वळला की दिसेनाशी होते. अशा वेळी त्याच्या मागे फिरण्यात अर्थ नसतो. एका जागी, शक्य तितके खाली बसून राहावे. चरताना तो सतत दिशा बदलतो आणि हवा तो कोन आपणहून देतो. डिसेंबरात आपल्याकडे पावणेसातच्या सुमारास सूर्य उगवतो आणि त्यानंतरचा तास-दीड तास सर्वांत चांगला असतो. मार्च उलटल्यावर मात्र ऊन थोडे चढताच तापलेल्या काठावरची हवा थरथरू लागते, आणि मग कितीही महागडी लेन्स असली तरी दूरच्या पक्ष्याचे पीस न् पीस स्पष्ट येत नाही.

एक्सपोजरच्या, म्हणजे फोटोत किती प्रकाश येऊ द्यायचा याच्या बाबतीत ‘काळा पक्षी असेल तर उणे करा’ हा सल्ला सर्रास दिला जातो, पण तो अर्धाच खरा आहे. समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करडे आहे असे गृहीत धरून कॅमेऱ्याचा मीटर मोजमाप करतो. काळा शराटी (ही मोर शराटीहून वेगळी जात, हिच्या खांद्यावर पांढरा ठिपका असतो) गडद चिखलावर उभा असून चौकट त्यानेच भरली असेल, तर मीटर सारे उजळवतो, काळी पिसे राखट होतात आणि खांद्यावरचा तो ठिपका जळून, म्हणजे तपशील हरवून निव्वळ पांढरा होऊन जातो. तेथे 2/3 ते 1 स्टॉप उणे करणे योग्य ठरते (1 स्टॉप उणे म्हणजे प्रकाश निम्मा). पण तोच पक्षी चमकत्या पाण्यासमोर आला, की मीटर उलट अंधार करतो आणि हाती केवळ काळी आकृती लागते. तेथे अधिक करावे लागते. वास्तविक चिखलावरून पाण्याकडे चालत जाताना पक्ष्यावर पडणारा प्रकाश बदललेला नसतो, बदललेली असते ती पार्श्वभूमी. म्हणून मी मॅन्युअलवर काम करते: खांद्यावरच्या त्या पांढऱ्या ठिपक्यातला तपशील टिकेल इतपत एक्सपोजर ठरवते आणि ऊन बदलेपर्यंत त्याला हात लावत नाही. ठिपका सांभाळला की डोक्यावरच्या लाल खडबडीत गाठीही नीट येतात. काळ्याचा तपशील नंतर रॉ फाइलमधून, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या मूळ फाइलमधून थोडा वर आणता येतो, परंतु सावल्या इतक्या उपसू नयेत की पाणकावळा करडा दिसू लागेल. अलीकडच्या पुष्कळ फोटोंत असे होते आणि ते पाहून मला खरोखर वाईट वाटते.

फोकसची अडचण वेगळी आहे. सलग काळ्या पिसांवर कॅमेऱ्याला पकडायला कडा सापडत नाही, म्हणून वारकऱ्याच्या बाबतीत पांढरी चोच आणि लाल डोळा यांवरच बिंदू ठेवावा. पाणकावळ्याची वरची पिसे भिजतात, त्यामुळे तो पंख पसरून बराच वेळ खुंटावर बसतो आणि आपल्याला पुरेशी उसंत मिळते.

समुद्रकिनाऱ्यावर हेच नियम लागू होतात, फक्त दिशेचा विचार अधिक काटेकोरपणे करावा लागतो. कोकणचा किनारा पश्चिमाभिमुख आहे. सकाळी सूर्य जमिनीकडून, म्हणजे आपल्या पाठीमागून येतो, तर संध्याकाळी तो पक्ष्याच्या मागे जातो. पाटीच्या रंगाच्या समुद्र बगळ्याचा गळा पांढरा असतो, तेव्हा शराटीच्या ठिपक्याचे काम येथे त्या गळ्याकडे सोपवावे. ओली वाळू खालून प्रकाश परतवते आणि पोटाखालची पिसे उजळतात; ही सोय आपल्या काळ्या मातीच्या काठावर फारशी मिळत नाही.

हा बगळा ओहोटीत उघड्या पडलेल्या खडकांवर आणि डबक्यांत शिकार करतो. त्यामुळे ओहोटी आणि सकाळचे ऊन एकत्र यायला हवे. भरतीची वेळ काढण्याचा किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा, की तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी: द्वितीयेला दीड, तृतीयेला सव्वादोन. त्याच्या सुमारे सहा तास आधी ओहोटी असते, म्हणजे या दोन तिथींना ती सकाळी साडेसात ते सव्वाआठच्या आसपास येते. नागपूरहून इतक्या लांब जायचे तर पौर्णिमा किंवा अमावास्या संपल्यावरचे हेच दोन-तीन दिवस धरावेत आणि आदल्या संध्याकाळी किनाऱ्यावर पोहोचून खडक कोठे आहेत ते पाहून ठेवावे.