पहिले उत्तर मी मागे घेतले
आमची प्रयोगशाळा वर्षातून एकदा सर्वांसाठी खुली असते, आणि त्या दिवशी अर्धपारदर्शक आरशाचा प्रयोग दाखवण्याचे काम माझ्याकडे होते. प्रकाश इतका मंद करायचा की एका वेळी जेमतेम एक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा एक कण, आरशापाशी पोहोचावा. तो आरपार गेला तर समोरचा डिटेक्टर वाजतो, परतला तर बाजूचा. पुढचा ठोका कुठे पडेल हे कोणालाही आधी सांगता येत नाही. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ ह्यू एव्हरेट यांनी १९५७ साली मांडलेला अर्थ मी या प्रयोगासोबत नेहमी सांगते. असे सूक्ष्म कण कसे वागतात हे सांगणारे श्रोडिंजरचे समीकरण जसेच्या तसे खरे मानले, तर दोन्ही गोष्टी घडतात. हा ठोका ऐकणारे आपण आणि तो ठोका ऐकणारे आपण अशा दोन शाखा, म्हणजे जणू दोन विश्वे, होतात आणि पुढे त्यांची कधी गाठ पडत नाही. आजवरच्या कोणत्याही प्रयोगाने या मताचा निकाल लागलेला नाही.

गर्दी ओसरल्यावर एक वयस्क गृहस्थ मागे थांबले. "मॅडम, माझी मुलगी शस्त्रक्रियेत गेली. दहांपैकी नऊ जण सुखरूप बाहेर येतात, असे डॉक्टर म्हणाले होते. मग ती वाचली असे एखादे विश्व असेल ना?"

"एव्हरेट यांचे म्हणणे बरोबर असेल, तर असू शकेल," मी म्हणाले. त्यांचा चेहरा असा उजळला की माझ्या पोटात कालवले. माझे उत्तर खोटे नव्हते, पण अर्धे होते, आणि दुःखात असलेल्या माणसाला अर्धे उत्तर देऊन परत पाठवणे मला जमेना.

मी आरसा बदलला. नवा आरसा दहांतला साधारण एकच फोटॉन परतवतो. समोरचा डिटेक्टर वाजत राहिला, बाजूचा क्वचित. मी सांगितले, "प्रत्येक फोटॉनमागे शाखा दोन्हीही असतात, पण त्यांचे वजन, म्हणजे कोणत्या शाखेची शक्यता किती, सारखे नसते, आणि विश्वे अनेक आहेत म्हणून ते वजन बदलत नाही. ती वाचली अशी शाखा असेल, तर इथे वाचलेली कुणाची तरी मुलगी जिथे गेली, अशीही असेल." डॉक्टरांच्या आकड्यात आपले अज्ञानही मिसळलेले असते, तो निव्वळ फोटॉनचा हिशेब नव्हे, हेही मी लपवले नाही.

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, "मग या सगळ्यात आशा ठेवावी असे काहीच नाही?"

आहे, असे मला मनापासून वाटते, पण ती विश्वांच्या संख्येत नाही. शस्त्रक्रियेतला धोका दहांतल्या एकावरून शंभरातल्या एकावर आणण्यासाठी कुणी वर्षानुवर्षे राबतो, तेव्हा एकच विश्व असेल तर पुढच्या रुग्णाच्या वाट्याला नेमके काय येईल हे नशिबावर राहते; एव्हरेट बरोबर असतील, तर त्या कामाने जेवढे वजन वाचण्याच्या बाजूला वळले, तेवढे त्या रुग्णाच्या बाबतीत खरोखर वाचलेलेच असते. त्यातले काहीही वाया जात नाही. हे मी त्यांना जमेल तितक्या सोप्या शब्दांत सांगितले.

"तिची फाइल मी त्या डॉक्टरांना अभ्यासासाठी दिली आहे," ते म्हणाले. आरसा थोडा वेळ तसाच ठेवा, अशी त्यांनी विनंती केली. समोरचे ठोके पडत राहिले. बाजूचा एक पडला तेव्हा त्यांनी डोळे मिटले, आणि पुन्हा समोरचे ठोके ऐकू येईपर्यंत ते तसेच उभे राहिले.