लग्नपत्रिकांपासून काष्ठमुद्रांपर्यंत : आमची वाटचाल

वडिलांनी शनिवार पेठेत सुरू केलेल्या आमच्या छापखान्यात पूर्वी लग्नपत्रिका, पावतीपुस्तके आणि हँडबिले छापली जात. ऑफसेट आले आणि खिळ्यांची (शिशाच्या सुट्या अक्षरांच्या छपाईची) कामे आटली, तेव्हा आसपासच्या बहुतेकांनी जुनी यंत्रे भंगारात काढली. आम्ही मात्र हाताने चालणारे, नमुना-प्रती काढायचे प्रूफ प्रेस राखून ठेवले. चित्रकारांना लाकडी ठशांवरून अमूर्त मुद्राचित्रे छापून देणे हाच आता आमचा व्यवसाय आहे.

या कामात डब्यातला रंग जसाच्या तसा कागदावर उतरत नाही. शाई पातळ रंगाची करणारा पारदर्शक बेस तिच्यात किती मिसळला, कोणता रंग आधी छापला, खालचा थर पुरता वाळला होता की नाही, यांवर दोन रंगांमधून निघणारा तिसरा रंग ठरतो. पिवळ्यावर पारदर्शक निळा चढला की हिरवा मिळतो. निळ्यावर दाट, अपारदर्शक पिवळा चढवला तर हिरव्याचा मागमूसही राहत नाही.

आकृतिबंधाचा निम्मा भाग तर लाकूडच ठरवते. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून आम्ही पाइनच्या फळ्या पारखून आणतो, कारण त्यात मऊ आणि कठीण पट्टे आलटूनपालटून असतात. तारेच्या ब्रशने रेषांच्या दिशेने घासत गेले की मऊ भाग खाली बसतो, कठीण रेषा उठून राहतात आणि रोलर फिरवल्यावर शाई मुख्यतः त्याच धरतात. सुतार बाजूला टाकतो ती गाठीची फळी आम्ही मुद्दाम मागून घेतो. सपाट रंग हवा असेल, तर सरळ एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली, रेषा नसलेली फळी) वापरावे. त्यात मजा नाही, एवढेच.

नॉर्वेचा चित्रकार एडवर्ड मुंक ठसा करवतीने कापून, तुकड्यांना वेगवेगळी शाई लावून, ते पुन्हा जुळवून एकदम छापत असे. अमेरिकन चित्रकार हेलन फ्रँकेन्थेलर यांनीही १९७३ च्या ‘ईस्ट अँड बियाँड’ या मुद्राचित्रासाठी जिगसॉने (वळणे कापणाऱ्या करवतीने) लाकूड कापले. आमच्याकडेही ही पद्धत चालते, आणि तुकड्यांच्या मधली पांढरी फट झाकायची की ठेवायची यावर चित्रकाराशी हमखास चर्चा होते. माझे मत विचाराल तर ती ठेवावी. दोन रंगांना तिच्यामुळे कड मिळते.

पावसाळ्यात कागद ओल धरून फुगतो, शाई लवकर वाळत नाही आणि एका ठशाच्या छापावर दुसऱ्याचा छाप नेमका जुळत नाही (आम्ही म्हणतो, रजिस्टर बसत नाही). म्हणून जून ते सप्टेंबर आम्ही बहुरंगी कामे घेत नाही. त्या काळात कोरीवकाम आणि एकरंगी प्रुफे होतात, आणि दिवाळीनंतरच्या कामांची आगाऊ रक्कमही तेव्हाच घेतली जाते.