पाडव्याच्या सुमारास तुंगनाथ: बर्फातली धार आणि घड्याळ

पंढरीची वारी आषाढात. आम्हा इंदूरच्या मंडळींची दुसरी एक वारी गुढीपाडव्याच्या मागेपुढे निघते: उत्तराखंडातल्या चोपत्याहून तुंगनाथाचं देऊळ आणि तिथून डोंगराच्या धारेने चंद्रशिलेचा माथा. या दिवसांत देऊळ बंद असतं, हे आधीच सांगितलेलं बरं. दिवाळीनंतर दारं बंद होतात आणि देवाची डोली खाली मक्कूमठ गावी उतरते. दारं परत उघडण्याची तारीख बैसाखीला ठरते. ती एप्रिलच्या शेवटी नाहीतर मे महिन्यात पडते. ज्यांना देवदर्शन हवंच, त्यांनी आधी मक्कूमठ करावं. वर आपण बंद दारापुढे डोकं टेकतो आणि पुढे चालू लागतो.

इंदूरहून हरिद्वार-ऋषिकेशकडे थेट गाडी आहे, पण ती रोज नसते. त्यामुळे परतीचं तिकीट एक दिवस राखून काढायचं. बर्फामुळे उखीमठ-चोपता रस्ता कधी दुगलबिट्ट्यापाशीच थांबतो आणि तो दिवस तिथे खर्च होतो. ऋषिकेश, देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कुंड, उखीमठ असा रस्ता आहे. इंदूर साडेपाचशे मीटरवर, चोपता २,७०० च्या आसपास. एका दमात चोपत्याला जाऊन दुसऱ्या पहाटे चढायला लागणं हे डोकेदुखी आणि मळमळ यांना आमंत्रण. एक रात्र उखीमठला आणि एक सारी गावात काढावी. सारीहून देवरियाताल तासा-दीड तासाच्या चढावर आहे, तिथे संध्याकाळी जाऊन खाली झोपायला यायचं. रोख पैसे उखीमठलाच काढून ठेवा. पुढे वीज बहुतेक सौरदिव्यांपुरती आणि फोनची रेंज लहरी.

उंचीबद्दल एक गंमत. तुंगनाथ ३,६८० मीटर आणि चंद्रशिला ४,००० मीटर असं बहुतेक ठिकाणी छापलेलं असतं, घड्याळातला जीपीएस मात्र दोन्हीकडे कमी दाखवतो. चढणाऱ्याला फरक पडत नाही. साडेतीन हजारांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाइतकाच असतो आणि ते फुप्फुसांना बरोबर कळतं. डोकं ठणकतंय, उलटीसारखं होतंय आणि बसूनही बरं वाटत नाहीये, तर उपाय एकच, खाली उतरायचं. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स गोळी घ्यायची असेल तर घरूनच डॉक्टरांना विचारून, विशेषतः सल्फाची ॲलर्जी असेल तर.

आता घड्याळ. मार्च-एप्रिलमधल्या बर्फाचा सगळा स्वभाव वेळेवर ठरतो. आभाळ मोकळं असलं की रात्री बर्फाची ऊब आकाशात निघून जाते आणि वरचा थर कडक गोठतो. सकाळी आठ-नऊपर्यंत त्यावर माणूस न रुतता चालतो. ऊन लागलं की तोच बर्फ भुसभुशीत होतो आणि अकराच्या पुढे पाय गुडघ्यापर्यंत, कधी मांडीपर्यंत जातो. उतारावरचा ओला बर्फ घसरून खाली येतो तोही याच वेळी. म्हणून आम्ही चोपत्याहून तीनला निघतो. साडेतीन किलोमीटरची फरशीबंद वाट बर्फाखाली असली की तीन तास धरायचे, म्हणजे सहाच्या सुमारास, उजाडताना, तुंगनाथ. पुढची दीड किलोमीटरची धार दीड-पावणेदोन तासांची. नऊ वाजता जिथे असू तिथून पाठ फिरवायची, माथा शंभर पावलांवर असला तरी.

सूर्योदय चंद्रशिलेवरूनच बघायचा, हा हट्ट सोडा. त्यासाठी धार अंधारात चढावी लागते आणि अंधारात छज्जा दिसत नाही. वाऱ्याने उडालेला बर्फ धारेच्या आडोशाच्या बाजूला साठत साठत पुढे अधांतरी लोंबतो, तोच हा छज्जा. वरून तो सपाट जमीनच वाटतो. तो तुटतो ते कडेला नव्हे, बराच आत. त्यामुळे कडेपासून चार-पाच मीटर आतूनच चालायचं आणि फोटोसाठी टोकाला कुणी जायचं नाही. चौखंबा ७,१३८ मीटरचा आहे, तो आतूनही दिसतो.

निघण्यापूर्वी एक परीक्षा. अडीच वाजता खोलीबाहेरच्या बर्फात टाच जोराने मारा. नुसता ओरखडा उठला तर रात्र चांगली गोठली. टाच घोट्यापर्यंत गेली तर रात्रभर ढग होते असं समजा. त्या दिवशी धार नाही, तुंगनाथपर्यंतच जायचं. फूटभर ताजा बर्फ पडला असेल तर दोन दिवस धारेचं नावही काढू नका. नवा थर जुन्यावर बसायला वेळ घेतो.

बुटांवर चढवायचे स्पाइक्स, म्हणजे रबरी पट्ट्याला साखळी आणि दाते, भाड्याने मिळतात, पण मापाची खात्री नसते. सैल स्पाइक तिरक्या उतारावर बाजूला सरकतो आणि दाते हवेत राहतात. आपले विकत घ्या आणि घरीच त्याच बुटांवर चढवून पाहा. इंदूरजवळच्या रालामंडल टेकडीच्या चढावर नवे बूट निदान दहा-बारा वेळा घालून रुळवून घ्या. स्पाइक्स मात्र तिथे घालू नका, दगडावर दाते बोथट होतात. दहाच्या सुमाराला ओला बर्फ दात्यांमध्ये गोळा होतो, टाचेखाली लाडू तयार होतो आणि पकड एकदम जाते. दर दहा-वीस पावलांनी काठीने बुटाच्या कडेला ठोका मारत राहायचं. काठीच्या टोकाला चकती हवी, नाहीतर काठीच हातभर आत जाते.

कपड्यांत सुती काही नको, बनियनसुद्धा नको. मावशी लोक साडीखाली सुती मोजे घालून येतात आणि सातच्या वाऱ्यात बोटं बधिर होतात. लोकरी मोजे दोन जोड, एक पाठपिशवीत कोरडा. गेटर, म्हणजे बुटावरून पोटरीपर्यंत चढवायची आवरणं, नसतील तर बुटात बर्फ शिरणारच. गॉगल गडद आणि बाजूने बंद असावा. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ऐंशी टक्क्यांपर्यंत परत फेकतो. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं ते त्या संध्याकाळी, तोवर उशीर झालेला असतो. सनस्क्रीन हनुवटीच्या खाली आणि नाकपुड्यांनाही लावा, ऊन खालून येतं. पाण्याची बाटली उलटी ठेवा. पाणी वरून गोठतं, म्हणजे उलट्या बाटलीत बुडाकडून, झाकणाकडून नाही. नळीने पाणी प्यायची पिशवी पहाटे हमखास तुंबते.

खायला दशम्या न्याव्यात, पण पहाटे त्या लाकडासारख्या होतात. गूळ-शेंगदाणे आणि गुळपोळ्या बऱ्या. इंदुरी माणूस जिरावण मसाल्याची पुडी घेतल्याशिवाय निघत नाही. चोपत्याच्या मॅगीवर ते फार छान लागतं.

चालणं दिंडीसारखं, एका मागे एक, पुढच्याच्या पावलात पाऊल. वाट फोडणारा शंभर पावलांनी बाजूला होऊन शेपटीला येतो. ताज्या बर्फात पुढच्याची दुप्पट दमछाक होते आणि एकाच माउलीला पुढे ठेवलं तर तिचा दम संपल्यावर सगळी रांग थांबते. ‘ज्ञानोबा माउली तुकाराम’ मोठ्याने म्हणता येतं तोवर वेग बरोबर. शब्द तुटू लागले की हळू करा. चढावर बुटाचं टोक बर्फात दोनदा मारून पायरी करायची, उतारावर टाच आधी आणि गुडघा किंचित वाकलेला. मोठ्या दगडाला किंवा बुरांशच्या (ऱ्होडोडेंड्रॉनच्या) झुडपाला लगटून चालू नका. ऊन खाल्लेल्या दगडाभोवती बर्फ आतून पोकळ असतो आणि पाय एकदम कमरेपर्यंत जातो.

बहुतेक पडापड उतरताना होते, आणि त्यातली बरीच हौसेने. स्पाइक्स घालून घसरगुंडी केली की एक दात अडकतो, शरीर पुढे जातं आणि घोटा तिथेच राहतो. नकळत घसरलात तर लगेच पोटावर उलटा, काठी दोन्ही हातांनी छातीखाली दाबा आणि स्पाइक्स असतील तर पाय वर उचला. दुपारी ढग गडगडले किंवा केस उभे राहू लागले तर काठ्या सोडून धारेवरून खाली या.

चोपत्याला परतल्यावर ओले बूट शेगडीजवळ मांडू नका. तळव्याचा गोंद सुटतो आणि दुसऱ्या दिवशी रस्त्यातच तळवा हातात येतो. आतले पॅड काढून वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाभराने बदला. स्पाइक्स गोड्या पाण्याने धुऊन पुसून, रबर दुमडू न देता पिशवीत टाका, नाहीतर पुढच्या वर्षी साखळी गंजलेली मिळेल.