केर काढायचा आठवडा

काल रात्री लॅबमधून आले तर दाराच्या हँडलला ती लाकडी पाटी लटकलेली, म्हणजे या आठवड्यात जिना झाडायची पाळी माझी. इथे दक्षिण जर्मनीतल्या श्वाबेन भागात याला 'केरवोखे' म्हणतात, त्यातलं केर म्हणजे झाडणं आणि वोखे म्हणजे आठवडा. पहिल्यांदा हा शब्द ऐकला तेव्हा मला केवढा आनंद झाला होता, अहो केर आपलाच ना! योगायोग असेल, असू दे, पण पहिल्या वर्षी या गावात जो एकच शब्द घरचा वाटला तो हा.

सप्टेंबरमध्ये माझा थीसिस सबमिट होतोय, त्यामुळे ही पाटी आता फार तर दोनतीनदा माझ्या दाराला लागेल. काल ती हातात घेऊन जिन्यावरच बसले आणि ठरवलं की या गावाबद्दल, ट्यूबिंगेनबद्दल, एकदा नीट लिहायचंच, कारण इथे शिकायला यायचंय म्हणून मला मेसेज करणारे सगळे जण फी, व्हिसा आणि नोकरी एवढंच विचारतात, गावाबद्दल कोणीच विचारत नाही आणि मला वाटतं विचारायला हवं ते तेच.

गाव किती छोटं, तर वस्ती ९० हजारांच्या आसपास आणि त्यात विद्यार्थी २७-२८ हजार. म्हणजे बसमध्ये तुमच्या शेजारी बसलेल्या तिघांतला एक तरी विद्यार्थी असणारच. युनिव्हर्सिटी १४७७ ची. तिला गेटबिट नाही, कंपाउंड नाही, गावातच मिसळून गेलीये, एक डिपार्टमेंट किल्ल्यात, एक रस्त्यावरच्या जुन्या इमारतीत, आणि आमची सायन्सवाली मंडळी वर टेकडीवर, मॉर्गनष्टेलंला. तर अशा गावात एक गोष्ट अजिबात करता येत नाही, लपता येत नाही.

आणि मला लपायचं होतं. माझा इथला पहिलाच डिसेंबर महिना होता. मी तेव्हा वाल्डहॉयझर ओस्टच्या हॉस्टेलमध्ये राहायचे, ते पण टेकडीवरच, उंचच उंच ब्लॉक्स, एका मजल्यावर सगळ्यांना मिळून एक किचन. संध्याकाळी साडेचारला अंधार व्हायचा. सकाळी आठला पण धड उजाडलेलं नसायचं. कोणी काही वाईट वागलं नव्हतं, अभ्यास पण जमत होता, पण हळूहळू मला पांघरुणातनं बाहेर यावंसंच वाटेना. आधी एक लेक्चर बुडलं, मग एक प्रॅक्टिकल, मग दुसरं प्रॅक्टिकल, आणि दोन बुडल्यावर तिसऱ्याला कुठल्या तोंडाने जायचं म्हणून तेही. घरी फोनवर सगळं मस्त चाललंय असं सांगायचे. मोठ्या शहरात असते ना, तर असंच अख्खं सेमिस्टर गेलं असतं आणि कोणाला पत्ता लागला नसता, हे मी आज अगदी खात्रीने सांगते.

पण दूध संपलं म्हणून एका दुपारी खाली गावात उतरले आणि नेकार नदीच्या पुलावर समोरून आमचे प्रॅक्टिकलचे प्रोफेसर, सायकल हातात धरून चालत येत होते. पूल केवढासा, वळून पळून जाणं शक्यच नव्हतं. त्यांनी मला ओळखलं. मला वाटलं आता विचारणार कुठे होता तुम्ही. नाही विचारलं. म्हणाले, तुम्ही बसस्टॉपकडे निघालात का, मी पण तिकडूनच जातोय. मी दूध न घेताच त्यांच्याबरोबर चालायला लागले. चालताना ते त्यांच्या स्वतःच्या इथल्या पहिल्या हिवाळ्याबद्दल बोलत राहिले, ते उत्तरेकडचे, त्यांना इथली बोली कळायची नाही आणि खाली खोऱ्यात धुकं बसलं की दिवसेंदिवस सूर्य दिसायचा नाही, तर त्यांनी ठरवलं होतं की रोज काही झालं तरी टेकडी चढायची, कारण कधी कधी वर ऊन असतं. आणि बस आल्यावर जाताजाता एवढंच की गुरुवारी तीन नंबरचा बेंच रिकामा आहे, बघा.

मी गुरुवारी गेले.

ही गोष्ट मी दोन वर्षं कोणालाच सांगितली नव्हती.

नंतर त्या पुलाच्या आसपास माझं फार येणंजाणं झालं. पुलावरून बघितलं की नदीकाठी घरांची रांग दिसते आणि तिच्यात एक पिवळा बुटका मनोरा, तो होल्डरलिनचा. कवी होल्डरलिन इथल्याच ष्टिफ्टमध्ये, म्हणजे धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या जुन्या वसतिगृहात शिकला, पुढे मोठे तत्त्वज्ञ झालेले हेगेल आणि शेलिंग त्याचे रूममेट होते (एका खोलीत तिघं! त्यांचं किचन कोण साफ करायचं असा प्रश्न मला नेहमी पडतो). पुढे त्याची मनाची अवस्था फार बिघडली, इथल्याच क्लिनिकमध्ये ठेवलं, आणि मग १८०७ मध्ये एर्न्स्ट त्सिमर नावाच्या सुताराने त्याला आपल्या घरी नेलं. नात्याचा ना गोत्याचा, त्याचं पुस्तक वाचून आवडलं होतं एवढंच. तिथे होल्डरलिन १८४३ पर्यंत राहिला, ३६ वर्षं. सुतार आधी गेला, तर पुढे त्याच्या मुलीने बघितलं. गाईड लोक कवितेबद्दल सांगतात, हेगेलबद्दल सांगतात, ते बरोबरच आहे, पण मला त्या मनोऱ्यासमोर उभं राहिलं की तो सुतारच आठवतो, रोज लाकूड तासून घरी येणारा आणि वरच्या खोलीतला माणूस जेवला का हे विचारणारा. छोट्या गावात शिकायला येणाऱ्या प्रत्येकाने त्या घरापाशी एकदा उभं राहावं असं मला मनापासून वाटतं.

मी बायोकेमिस्ट्रीवाली, त्यामुळे माझं तीर्थस्थान खरं तर दुसरं आहे, वर किल्ल्यात. तिथल्या जुन्या स्वयंपाकघरात तेव्हा लॅब होती. १८६९ मध्ये फ्रीडरिश मीशर नावाचा जेमतेम २४-२५ वर्षांचा स्विस पोरगा तिथे काम करत होता, हॉस्पिटलमधनं जखमांची पू लागलेली बँडेजेस आणायचा आणि त्यातल्या पेशी वेगळ्या करायचा. त्यातून त्याला एक पदार्थ मिळाला, त्याला त्याने न्यूक्लीन नाव दिलं, तोच आपला डीएनए. त्याचे सर होपे-झायलर, त्यांनी लगेच छापू दिलं नाही, आधी स्वतः ते प्रयोग परत करून बघितले आणि मग १८७१ मध्ये पेपर आला. माझं एक्स्ट्रॅक्शन लागोपाठ तिसऱ्यांदा फसलं तेव्हा मी त्या दगडी खोलीत जाऊन आले होते. थंडगार जागा आहे, जाड भिंती. इथे तो माणूस घाण वास सहन करत उभा राहिला असेल, आणि मला वर मॉर्गनष्टेलंला सेंट्रिफ्यूज आहे, हीटर आहे, किट आहे. चौथ्यांदा जमलं.

उन्हाळ्यात मात्र गाव वेगळंच होतं. ष्टिफ्ट्सकिर्शं म्हणून मोठं चर्च आहे, त्याच्या पायऱ्यांवर संध्याकाळी सगळे येऊन बसतात, कोणी नोट्स घेऊन, कोणी गिटार घेऊन, कोणी नुसतंच. समोर एक जुनं पुस्तकांचं दुकान आहे जिथे लेखक हेर्मान हेसे १८९५ ते १८९९ कामाला होता. माझी फ्लॅटमेट केरळची, ती या दुकानाकडे बोट दाखवून नव्या आलेल्या प्रत्येकाला सांगते की हेसेच्या आईचे वडील म्हणजे हेर्मान गुंडर्ट, ज्यांनी मल्याळम-इंग्लिश डिक्शनरी केली, आणि ते पण इथेच शिकले. तिचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा असतो. मग मी पण मागे कशाला राहू, मी सांगते की रशियातल्या सेंट पीटर्सबर्गला छापलेला तो प्रसिद्ध संस्कृत-जर्मन कोश, बोटलिंक आणि रोट यांचा, ७ खंडांचा, १८५५ ते १८७५, त्यातले रुडोल्फ रोट इथे प्रोफेसर होते आणि युनिव्हर्सिटी लायब्ररीचे प्रमुख पण. म्हणजे वेदांतले शब्द चिठ्ठ्यांवर लिहून लावत बसलेला माणूस याच गल्ल्यांतून घरी जायचा. त्या पायऱ्यांवर बसून हे बोलताना आम्हा दोघींना हे गाव एकदम आमचंही वाटायला लागतं.

नदीतल्या लांब चपट्या होड्या, ष्टोखरकान, त्याबद्दल यूट्यूबवर भरपूर आहे, मी थोडक्यात सांगते. लांब काठीने ढकलत न्यायच्या, दिसायला सोपं आणि करायला कठीण. दरवर्षी फ्रोनलाइखनाम या ख्रिश्चन सणाच्या सुट्टीला शर्यत असते आणि हरलेल्या टीमला कॉड लिव्हर ऑइल प्यावं लागतं. आमची लॅब अजून तरी वाचलीये.

आता जे कठीण आहे ते पण सांगते. खोली मिळणं फार अवघड, ऑक्टोबरमध्ये तर विचारूच नका, मी पहिल्या वर्षानंतर हॉस्टेल सोडलं तेव्हा ११ ठिकाणी इंटरव्ह्यू दिले, हो, त्या फ्लॅटमध्ये आधीपासून राहणारे चार जण टेबलाभोवती बसून तुम्हाला विचारतात की तुम्ही रविवारी काय करता. फी युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १५०० युरो, ही अख्ख्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्यात २०१७ पासून आहे, तेव्हा जर्मनीत सगळं फुकट असं कोणी सांगितलं तर राज्य कुठलं ते विचारा. रविवारी दुकानं बंद, शनिवारी सामान भरलं नाही तर उपाशी. कॉफी डिस्पोजेबल कपात घेतली तर ५० सेंट नगरपालिकेचा कर, २०२२ पासून, म्हणून बॅगेत आपला कप ठेवायची सवय लावा. आणि जर्मन शिकून आलात तरी इथली बोली वेगळी, प्रत्येक शब्दाच्या शेवटी 'ले' लावतात, बिसशेनचं (म्हणजे थोडंसं) बिस्ले होतं, तीन महिने द्या.

पण सगळ्यात जड जातं ते लोकांचं जाणं. फेब्रुवारीच्या मध्यात लेक्चर्स संपली की गाव रिकामं व्हायला लागतं, जुलैअखेरीला तर आणखीनच. आणि दरवेळी काही जण जातात ते परत यायचे नसतात. मी इथे आल्यापासून आमच्या किचनच्या फ्रीजवरची नावं पाचदा बदलली. ज्या मुलीने मला पहिल्या रविवारी तिच्यातला भात वाढला होता ती आता ओस्लोत आहे, ज्याने सायकलचं पंक्चर काढायला शिकवलं तो कुठे आहे तेही माहीत नाही. मोठ्या शहरात लोक हरवतात पण ते त्याच शहरात असतात असं तरी वाटतं, इथे सेमिस्टर संपलं की माणूस गावासकट संपतो. याची सवय होते असं मला सांगितलं होतं, मला झाली नाही आणि व्हावी असंही वाटत नाही.

राहतात त्या खालच्या मजल्यावरच्या आजी. मी मनात आजी म्हणते, तोंडावर अर्थात फ्राउ (म्हणजे श्रीमती) आणि आडनाव. या घरात चाळीसहून जास्त वर्षं आहेत. वरच्या खोल्यांत किती विद्यार्थी आले नि गेले त्यांनी मोजलं नाही, पण जिना कोण कसा झाडायचं ते त्यांना आठवतं. मला त्यांनीच शिकवलं, वरून खाली यायचं, प्रत्येक पायरीचा कोपरा आधी, आणि झाडून झाल्यावर पाटी पुढच्या दाराला लावायची, विसरायचं नाही. गेल्या मार्चमध्ये मी परीक्षेच्या आठवड्यात तापाने पडले होते, तेव्हा माझी पाटी माझ्या दारावरून गायब झाली होती आणि जिना स्वच्छ होता. त्यावर त्या एक शब्द बोलल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात पाटी परत माझ्याच दाराला, लागोपाठ दोन आठवडे, कारण हिशोब म्हणजे हिशोब.

परवा त्यांनी जिन्यात थांबवून विचारलं, सप्टेंबरनंतर तुमच्या खोलीत कोण येणार. म्हटलं एक मुलगी येतेय, फिजिक्सची, अजून भेटले नाहीये. त्या म्हणाल्या, तुम्ही जायच्या आधी तिला एकदा झाडून दाखवा, कोपरे राहतात सगळ्यांचे.

तर आता निघते, शनिवारच्या आत जिना व्हायला हवा, आणि बर्फ नाहीये तोवर हे काम तसं पंधरा मिनिटांचं आहे.