पाणी कमी का पीत नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. देवगडकडची मे महिन्यातली लग्नं म्हणजे अंगातून घामाच्या धारा. व्हीलचेअरवर बसून मी कोकम सरबत घेतलं की कुणीतरी मायेने विचारतंच, "पाणी कमी प्यायलास तर लघवी काढायच्या त्या नळीचा त्रास वाचेल ना रे?"

नाही वाचत, वाढतो. आंब्यावरून पडून कणा मोडला तेव्हा मेंदूचे मूत्राशयाकडे जाणारे निरोप तुटले. लघवीचा कारभार पाहणारं केंद्र मज्जारज्जूच्या अगदी खालच्या टोकाशी असतं. माझ्यासारखी दुखापत त्याच्या वर असली की मूत्राशय आपल्या मर्जीने आवळतं आणि नेमका तेव्हाच त्याच्या तोंडाशी असलेला स्नायूही घट्ट मिटतो. आत दाब वाढतो, लघवी तुंबते, मूत्रपिंडांकडे उलटी चढू शकते. पूर्वी कणा मोडलेली कितीतरी माणसं मूत्रपिंडं निकामी होऊनच जायची. पाणी तोडलं तर तुंबलेली लघवी दाट होते, मग इन्फेक्शन आणि मुतखडे.

म्हणून मी वेळ पाळतो. दर चार ते सहा तासांनी मूत्रमार्गातून नळी घालून मूत्राशय रिकामं करायचं, एका खेपेला लघवी 500 मिलीलिटरच्या आत. साबणाने हात धुवायचे, नळीला जेली लावायची, घाई न करता सरकवायची. धार थांबली की नळी सावकाश ओढायची. मध्येच पुन्हा थोडी येते, ती येऊ द्यायची. मागे राहिली तर जंतूंना आयतंच फावतं. यासाठी ऑपरेशन थिएटरसारखं निर्जंतुक काही लागत नाही, स्वच्छता पुरते, हे अमेरिकेतल्या डॉ. जॅक लॅपिडीस यांनी 1972 मध्ये मांडलं. म्हणून तर हे घरच्या न्हाणीत जमतं.

संध्याकाळनंतर मात्र पाणी आवरतो. दिवसभर बसून पायांत उतरलेलं पाणी आडवं झाल्यावर लघवीवाटे निघतं. मूत्राशय भरल्याचं मला जाणवत नाही. पाय आपोआप उडायला लागले की ते भरलंय असं समजायचं.

छातीच्या सहाव्या मणक्यापाशी किंवा त्याच्या वर दुखापत असलेल्यांच्या घरच्यांनो, हे नीट ध्यानात ठेवा. अचानक डोकं ठणकलं, चेहरा लाल झाला, घाम फुटला तर आधी उठवून बसवा, कपडे सैल करा, लघवी तुंबलीय का, नळी दुमडलीय का बघा. रक्तदाब जीवावर बेतेल इतका चढतो. उतरला नाही तर तडक हॉस्पिटल गाठा.

आणि लग्नाचं बोलावणं करताना एवढं सांगाच: हॉलच्या बाथरूमच्या दारातून व्हीलचेअर जाते का, आत कडी आणि नळ आहे का. म्हणजे मला पंगतीपर्यंत थांबता येईल.