ग्रॅफाइट म्हणून आलेली पावडर

एमआयडीसीतलं एक कंपाउंडिंग युनिट, म्हणजे प्लास्टिक वितळवून त्यात दुसरे पदार्थ मिसळणारा कारखाना. इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या ट्रेसाठी लागणारं काळं, वीजवाहक प्लास्टिक बनवतात. गिऱ्हाइकाच्या ऑडिटरने विचारलं, तुम्ही कार्बन नॅनोट्यूब (कार्बनच्या अतिसूक्ष्म पोकळ नळ्यांची पावडर) वापरता, तर कामगारांच्या श्वासात किती जाते त्याचं मोजमाप कुठे आहे? कंपनीने फाइल काढून दाखवली. 'श्वसनयोग्य धूळ, ग्रॅफाइट, मर्यादेच्या आत.' शिक्का, सही, सगळं जागेवर. तरी हवा पुन्हा मोजायला मला बोलावलं.

अहवाल खोटा नव्हता, हीच पंचाईत. पुरवठादाराच्या एमएसडीएसवर, म्हणजे मालासोबतच्या सुरक्षा-माहितीच्या कागदावर, पावडरचं नाव ग्रॅफाइट होतं. ग्रॅफाइटसाठी एसीजीआयएच या अमेरिकेतल्या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संघटनेची मर्यादा घनमीटरला 2 मिलिग्रॅम, प्रयोगशाळेने तीच धरली. नॅनोट्यूबसाठी अमेरिकेच्या एनआयओएसएच या कामगार-आरोग्याच्या सरकारी संशोधन संस्थेने 2013 साली सुचवलेली मर्यादा 1 मायक्रोग्रॅम आहे. दोन हजार पटींचा फरक. आपल्या 1948 च्या कारखाना अधिनियमाच्या दुसऱ्या परिशिष्टात कार्बन ब्लॅक (काजळीची पूड) 3.5 मिलिग्रॅमवर होता, नॅनोट्यूबची ओळच नव्हती.

आणि धूळ फिल्टरवर घेऊन तिचं वजन करायच्या त्या पद्धतीने नॅनोट्यूब सापडलीही नसती. नायलॉन सायक्लोन (जाड धूळ वगळून फक्त बारीक धूळ फिल्टरवर सोडणारं छोटं उपकरण) मिनिटाला 1.7 लिटरवर आठ तास चालवला तर 816 लिटर हवा ओढली जाते. हवेत बरोबर मर्यादेइतकी नॅनोट्यूब असेल तर फिल्टरवर एक मायक्रोग्रॅमही जमत नाही, आणि वजनाचा नेहमीचा पाच दशांशांचा काटा दहा मायक्रोग्रॅमच्या खाली काही सांगत नाही. म्हणून इथे वजन करायचंच नाही. क्वार्ट्झ फिल्टर, 4.2 लिटरवर चालणारा सायक्लोन कामगाराच्या कॉलरला, आणि पृथक्करण एनआयओएसएचच्या 5040 क्रमांकाच्या पद्धतीने: फिल्टरचा तुकडा आधी हेलियममध्ये तापवून सेंद्रिय कार्बन उडवायचा, मग ऑक्सिजन सोडून उरलेला मूलद्रव्य कार्बन जाळून मोजायचा. जोडीला दुसरा पंप, सेल्युलोज एस्टर फिल्टरसह, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी. डिझेलची काजळीही मूलद्रव्य कार्बनच असते, म्हणून फोर्कलिफ्ट बंद ठेवायला लावली आणि दाराबाहेर एक वेगळा नमुना लावला. डिस्पॅचवाले दिवसभर कुरकुरत होते.

कण मोजणारं हातातलं यंत्र पाहिलं की सगळे त्याच्या आकड्याभोवती जमतात. मॅनेजरही आले. एक्स्ट्रूडर, म्हणजे प्लास्टिक वितळवून पुढे ढकलणारं यंत्र, सुरू झाला आणि आकडा झरझर चढला. "बघा, नॅनो!" तोवर हॉपरमध्ये, म्हणजे माल ओतायच्या तोंडात, फक्त प्लास्टिकचा साधा सफेद दाणा होता. डायवर, म्हणजे यंत्राच्या बाहेर पडायच्या तोंडाशी, वितळलेल्या प्लास्टिकची वाफ गार होते तेव्हा तिचेच 100 नॅनोमीटरखालचे कण होतात. मुद्दाम आधी साधा दाणा चालवून बघायचा तो यासाठीच. उलट पावडर ओतली जात असताना आकडा जेमतेम हलला, कारण नॅनोट्यूब सुटी उडत नाही, मायक्रॉनभर आकाराच्या गुठळ्या होऊन उडते. संख्येत त्या मूठभर, वजनात मात्र सगळं तिथेच. शेजारचं प्रकाशावर चालणारं, 0.3 मायक्रॉनच्या वरचे कण मोजणारं यंत्र त्या वेळी बोललं. नुसता आकडा दाखवून 'नॅनो सर्व्हे' विकणारे सल्लागार बाजारात आहेत. त्यांना हा फरक कुणी विचारत नाही.

हॉपरवर धूळ ओढून घेणारा हूड होता, ओढही बरी होती. ओतताना फारसं काही सुटलं नाही. सुटलं ते नंतर. ही पावडर इतकी फुलारलेली असते की दहा किलोची बॅग दीडशे लिटरच्या आसपास जागा खाते. रिकामी झाली तरी लायनरला, म्हणजे बॅगेतल्या प्लास्टिकच्या पिशवीला, आतून काळा थर राहतो. हेल्परने ती हूडपासून चार पावलं लांब नेली, छातीशी धरून दाबली, हवा काढली आणि घडी घातली. दाबताना बॅगेचं तोंड त्याच्या तोंडासमोर. पुढे शिफ्टअखेर एअर गनने हॉपर साफ. "हवा मारल्याशिवाय निघतच नाही साहेब," ऑपरेटर म्हणाला. तेही खरं होतं.

निकाल आले. ऑपरेटर मर्यादेच्या खाली, हेल्पर वर. सूक्ष्मदर्शकात गुंतवळासारख्या गुठळ्या, कडेने सुटे तंतू. हेल्पर ठेकेदाराचा, म्हणून वैद्यकीय तपासणीच्या यादीत त्याचं नावच नाही.

मॅनेजरने आयएआरसीचा, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचा, कागद पुढे केला. 2014 च्या बैठकीत बहुभिंती नॅनोट्यूबपैकी एमडब्ल्यूसीएनटी-7 हा एकच प्रकार 2बी, म्हणजे 'कर्करोग होण्याची शक्यता' या गटात गेला, बाकीचे गट 3 मध्ये. "म्हणजे आमची सेफ ना?" गट 3 म्हणजे वर्गीकरण करण्याइतका पुरावा नाही. सेफ असा गटच त्या यादीत नाही. मास्कबद्दल त्यांची शंका उलटी होती, की इतके बारीक कण आरपार जातील. नाही जात. इतके बारीक कण हवेत भरकटत राहतात आणि धाग्यांना जाऊन चिकटतात. फिल्टरला सगळ्यात जड जातात ते त्याहून थोडे मोठे, आणि त्यांनाही एन95 बऱ्यापैकी अडवतो. गळती नाकाच्या कडेने आणि दाढीतून होते, आणि इथले मास्क तर खिळ्याला टांगलेले, इलास्टिक सैल झालेले.

पैसे सुटले ते वेगळ्याच कारणाने. विजेचं पॅनेल उघडलं तर मोटरचा वेग सांभाळणाऱ्या ड्राइव्हच्या कार्डांवर काळा थर. नॅनोट्यूब वीजवाहक, ड्राइव्ह अधूनमधून का ट्रिप होतो याचा शोध बरेच महिने चालला होता. फुप्फुसांचा विषय मीटिंगमध्ये पुढे ढकलला जात होता, ड्राइव्हचा त्याच आठवड्यात मंजूर झाला. आता बॅग हातमोजे बसवलेल्या बंद पेटीत, हेपा (अतिबारीक कण अडवणारा फिल्टर) लावलेल्या ओढीखाली उघडतात आणि लायनर आतल्या आत गुंडाळून दुसऱ्या पिशवीत टाकतात. एअर गन काढून अर्थिंग केलेल्या होजचा हेपा व्हॅक्यूम दिला, उरलेलं ओल्या फडक्याने. मी सुचवलं होतं त्याहून सोपं, की पावडर आणूच नका, नॅनोट्यूब आधीच मिसळलेला दाणा विकत घ्या. खरेदी विभाग म्हणतो, किलोमागे परवडत नाही.

अडलंय ते लायनरवर. पूर्वी ते भंगारवाल्याकडे जायचे, तो झटकून, धुऊन पुढे विकायचा. आता दुहेरी पिशवीत बांधून शेडमध्ये ठेवलेत. घातक कचऱ्याच्या कुठल्या वर्गात ते घालायचे, हे पुरवठादाराला विचारलं. त्याने पुन्हा तोच एमएसडीएस पाठवला. ग्रॅफाइट.