त्याच्या पोरीसाठी लिहून ठेवतोय

माणूस गेला की लोक आठवड्याभरात त्याला देव करून टाकतात. आमच्या मित्राचं पण तेच चाललंय. जो तो सांगतोय की त्याने कध्धी कुणाला दुखावलं नाही, कध्धी आवाज चढवला नाही वगैरे. अरे कुणाबद्दल बोलताय? पत्त्यात हरला की तासभर तोंड फुगवून बसायचा, वेळेवर तर जन्मात कधी आला नाही, आणि "निघालोय, रस्त्यातच आहे" असा मेसेज आला म्हणजे साहेब अजून टॉवेलवर आहेत हे ग्रुपमध्ये सगळ्यांना पाठ होतं. ३६ वर्षांचा होता. हार्ट अटॅक. त्यावर जास्त लिहीत नाही, ते तसंही दिवसभर डोक्यात फिरतच असतं.

लिहायचंय ते त्याच्या पोरीसाठी. ती साडेतीन वर्षांची आहे. मोठेपणी आपल्याला आठवणारी सगळ्यात जुनी गोष्ट साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या आसपासची असते, त्याआधीचं जवळजवळ सगळंच पुसलं जातं आणि पुढचं पण काही वर्षं तुटक तुटकच राहतं. हे आधी कधीतरी वाचलं होतं तेव्हा नुसती गंमत वाटलेली. आता असं वाटतं की हा माणूस रात्र रात्र तिला खांद्यावर टाकून घरभर फिरला आणि तिच्याकडे त्यातलं काही म्हणजे काही राहणार नाही, राहिलंच तर फोटोतला एक दाढीवाला माणूस.

मग तिला कळणार कसं की तिच्या वेण्या बाबाच घालायचा? म्हणजे वेण्या कसल्या, दोन पोनी. व्हिडिओ बघून शिकला होता. कंगवा दातात धरायचा, रबर मनगटात, आणि पोरीला दोन्ही गुडघ्यांच्या मधे दाबून उभी करायचा म्हणजे पळायला नको. एक पोनी कानाच्या वर आणि दुसरी कानाच्या खाली, हे रोजचं. मी एकदा म्हटलं अरे वाकडं झालंय, तर म्हणाला डोकं हलवते ती, माझं सरळच असतं. ती तशीच वाकड्या पोनींनी शाळेत जायची आणि कुणी हात लावला तर बोंब मारायची.

परवा गेलो होतो तर मला विचारते, काका, बाबा कधी येणार? वहिनीने तिला नीट सांगितलंय, बाबाचं शरीर बंद पडलं, तो मेला, आता येणार नाही. बरं केलं. "देवाघरी गेला", "झोपलाय" असलं काही लहान पोरांना सांगू नये म्हणतात, कारण मग त्यांना झोपायचीच भीती वाटायला लागते. तरी ती विचारतेच. घरी येऊन रात्री वाचत बसलो. मारिया नॉज म्हणून हंगेरीतल्या एक बाई होत्या, त्यांनी बुडापेस्टमधल्या मुलांशी बोलून १९४८ साली लिहिलं होतं की पाचच्या आतल्या मुलांना मरण कायमचं असतं हेच पटत नाही, त्यांना वाटतं माणूस कुठेतरी गेलाय किंवा झोपलाय. म्हणजे ती विसरत नाहीये, तिला अजून ते मावतच नाहीये. आणि विचारून झालं की दुसऱ्या मिनिटाला खेळायला पळते, त्यावर एक नातेवाईक म्हणाले "बरंय, तिला काही कळत नाही". कळतं हो. मुलं दुःख असंच करतात, थोडं थोडं, मधे सुट्टी घेऊन.

मोठ्यांचं वेगळंच. एकाने मला दुःखाच्या पाच पायऱ्यांचा फॉरवर्ड पाठवला, आता राग येईल, मग हे होईल, मग स्वीकार. एलिझाबेथ कुबलर-रॉस बाईंनी १९६९ मधे ते मांडलं ते स्वतः मरणाच्या दारात असलेल्या पेशंट्सशी बोलून, मागे राहिलेल्यांचं टाइमटेबल म्हणून नाही. मला तर राग आणि हसू एकाच वेळी येतं, टॉवेलवाला मेसेज आठवला की.

एक कामाचं सांगतो, कुणावर अशी वेळ आलीच तर. व्हॉट्सॲपचं अकाउंट १२० दिवस वापरलं नाही तर साधारणपणे डिलीट होतं. त्याच्या व्हॉइस नोट्स आपल्या फोनमधे असतात, पण आपला फोन बिघडला की त्याही गेल्या. म्हणून सगळ्या मित्रांनी आपापल्या चॅट्स मीडियासकट एक्सपोर्ट करून एका ड्राइव्हमधे टाकल्यात आणि एक कॉपी हार्ड डिस्कवर वहिनीकडे. एका नोटमधे तो मला ऑफिसचं काहीतरी रडगाणं सांगतोय आणि मागे पोरगी किंचाळतेय, तर मधेच "थांब गं माझे आई, दोन मिनिटं" आणि परत त्याच सुरात ऑफिस. त्याचा वाढदिवसाचा छान तयार होऊन केलेला व्हिडिओ आहे, पण मला विचाराल तर ही नोट जास्त मोलाची.

आणि एक डॉक्युमेंट केलंय, त्यात ज्याला जे आठवेल ते लिहायचं. सुरुवातीला सगळ्यांनी नुसतं मदतीला धावणारा, दिलदार, हेच. खरं आहे ते, पण असे दिलदार शंभर असतात, त्यातून तिला तिचा बाबा कसा ओळखू येणार? मी मग आमचं भांडण लिहिलं. फालतू कारणावरून आम्ही कित्येक महिने बोलत नव्हतो, आणि मग एक दिवस हा दारात उभा, सॉरी नाही काही नाही, आत येऊन म्हणतो चार्जर आहे का. यावर ग्रुपमधे वाद झाला की हे कशाला ठेवायचं, पोरीने वाचल्यावर काय वाटेल. शेवटी वहिनीलाच विचारलं.

ती म्हणाली, "राहू दे. ही पण रुसली की बोलत नाही, आणि मग येऊन भलतंच काहीतरी मागते. कुणावर गेलीय ते कळू दे की तिला."

मग ठेवलं. कॉलेजचं सगळं अजून लिहायचं राहिलंय, रविवारी बसतो.